शेजाराची किंमत

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रूढ झाली त्या काळी घर बांधावे लागे. आज ते बहुधा विकत घ्यावे लागते. बांधणाऱ्याची चिंता विटा, लाकूड आणि गवंडी यांच्यापुरती असे. विकत घेणाऱ्याच्या वाट्यास आणखी एक चिंता येते. आपण मोजतो त्या पैशांच्या मोबदल्यात आपल्या पदरात नेमके काय पडते, हे त्याला ठरवावे लागते. मला हा प्रश्न वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी पडला, आणि तो एका छापील कागदामुळे पडला. त्या कागदाची हकीकत आधी सांगतो.

आमचे घराणे तीन पिढ्या बडोद्यास आहे. आजोबा गायकवाड सरकारच्या खानगी खात्यात कारकून म्हणून आले आणि दांडिया बाजारातील एका गल्लीत त्यांनी घर केले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले. पण आमची गल्ली मराठीच बोलत राहिली. आता ते घर थकले आहे. खालच्या मजल्यांवर दुकाने आली, बोळात वाहनांचा धूर कोंडू लागला. धाकट्या नातवाला दम्याचा विकार आहे. रात्री तो अंथरुणात उठून बसला की सारे घर उठून बसते. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत जागा पाहण्यास सांगितले, तेव्हा मुलाने शहराच्या पश्चिमेस, वासणा-भायलीच्या बाजूला, घराचा शोध सुरू केला. हा शोध चैनीपोटी नव्हता, एवढे प्रारंभीच नमूद केले पाहिजे.

घर मिळाले ते मनासारखे. बावीस बंगल्यांची लहानशी सोसायटी. फाटकाशी पहारेकरी, आत एकच रस्ता, दुतर्फा कडुनिंब आणि गुलमोहर, मधोमध हिरवळीचा एक तुकडा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाड दिसते, हे सूनबाईंनी दोनदा बोलून दाखविले. नातू हिरवळीवर धावला आणि त्याला धाप लागली नाही. किंमत आमच्या ऐपतीच्या अगदी काठावर होती. जुने घर विकून व बँकेचे कर्ज काढून ती जुळणार होती. जुने घर माझ्या नावावर असल्यामुळे नवे दोघांच्या नावावर घ्यावे, असे ठरले.

बानाखत होण्यापूर्वी सोसायटीच्या सभासदत्वाचा अर्ज हाती आला. त्यात नाव, वय, व्यवसाय यांच्यामागोमाग ‘धर्म व ज्ञाती’ असा रकाना होता. शेवटी एक हमी होती: हे घर पुढे कधी विकावयाचे अथवा भाड्याने द्यावयाचे झाल्यास ते कार्यकारी मंडळास मान्य असलेल्या समाजातील व्यक्तीसच देईन. त्याखाली दोघांच्या सह्यांसाठी दोन रेघा आखलेल्या होत्या.

मी सोसायटीच्या चिटणिसांना जाऊन भेटलो. गृहस्थ निवृत्त अभियंता, अतिशय सौजन्यशील. त्यांनी चहा दिला, नातवाच्या प्रकृतीची चौकशी केली. मंडळास मान्य असलेले समाज कोणते, असे मी विचारले. ते किंचित संकोचले आणि म्हणाले, की अशी काही यादी नाही. ते सर्वांना ठाऊकच असते. मग माझी शंका स्वतःविषयी असावी असे समजून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हटले, ‘तमे तो आपणा ज कहेवाओ, काका.’ तुम्ही तर आमच्यातलेच.

हे वाक्य ऐकून मला प्रथम बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. बृहन्महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ‘आमच्यातले’ हा शब्द ऐकण्याची एक सुप्त भूक असते. आपण कधी काळी राज्यकर्त्यांच्या भाषेचे लोक होतो, नंतर पाहुण्यांच्या भाषेचे झालो. दार उघडे मिळाले की ते कोणासाठी बंद आहे, हे पाहण्याइतके भान त्या क्षणी राहत नाही. फाटकापर्यंत चालत येईतो ते भान आले, आणि आलेल्या सुखाची मला लाज वाटली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा निवडक वस्तीत घर घेताना आपण काय विकत घेतो? जमीन आणि बांधकाम तर घेतोच. त्याखेरीज झाडांची सावली, स्वच्छ हवा, मुलांना निर्धास्त खेळता येईल असा रस्ता याही वस्तू त्या किमतीत असतात. त्यांच्यासाठी मोजलेल्या पैशाबद्दल कोणी खंत बाळगण्याचे कारण नाही. परंतु हिशेब एवढ्यावर संपत नाही. तेवढ्याच आकाराचे, तशाच विटांचे घर फाटकाबाहेर कोसभर अंतरावर बऱ्याच कमी किमतीस मिळते. उरलेली रक्कम ही दूर ठेवलेल्या माणसांची किंमत असते. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली आपल्या ग्रंथात एक भेद सांगितला होता. काही वस्तू अशा असतात की त्या इतरांना मिळाल्याने आपला आनंद घटत नाही. काहींचे सारे मोल मात्र इतरांना त्या मिळत नाहीत यावरच उभे असते. सावली पहिल्या प्रकारात मोडते. बंद फाटक दुसऱ्या प्रकारात मोडते. अडचण एवढीच, की आपल्याला या दोन्ही वस्तू एकाच पुडीत बांधून मिळतात आणि पुडीवर किंमत एकच लिहिलेली असते.

येथे कोणी म्हणेल, की माणसाला शांतपणे जगण्याचा हक्क नाही काय? दिवसभर कष्ट करून आलेल्याने शेजारच्या गोंगाटापासून, भांडणापासून दूर राहावेसे वाटणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावू नये, कचरा रस्त्यावर टाकू नये, भिंतीवरून पाणी सोडू नये, असे कितीही कडक नियम सोसायटीने करावेत. मी त्यांवर आनंदाने सही करीन. पण हे नियम वागणुकीविषयीचे आहेत. ‘धर्म व ज्ञाती’ हा रकाना माणूस कसा वागतो हे विचारीत नाही, तो कोणाच्या पोटी जन्मला हे विचारतो. वागणुकीवरचा नियम कोणालाही पाळता येतो. जन्मावरचा नियम ज्याच्याविरुद्ध केला त्याला कितीही इच्छा असली तरी पाळता येत नाही. म्हणून पहिल्याला शिस्त म्हणता येते, दुसऱ्याला म्हणता येत नाही. शांततेची इच्छा पहिल्या नियमाने पूर्ण होते. दुसरा नियम हवासा वाटतो तेव्हा आपल्याला शांतता नको असून अंतर हवे असते, हे स्वतःशी तरी मान्य करावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला उत्तर देणे सोपे नाही. सहकारी गृहनिर्माणाची आपल्या देशातील परंपराच मुळी समाजनिहाय सुरू झाली. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली स्थापन झालेली सारस्वतांची गृहनिर्माण संस्था ही या चळवळीच्या आरंभीच्या संस्थांपैकी एक होय. परगावाहून आलेल्या, तुटपुंज्या पगाराच्या नोकरदारांनी एकमेकांच्या ओळखीवर विश्वास ठेवून पैसे एकत्र केले म्हणूनच त्यांना डोक्यावर छप्पर मिळाले. त्यांना ओळख नसलेल्यांवर विसंबण्यास सांगणे व्यवहार्य नव्हते. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा आपला नियम सोडण्यास नकार दिला, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि २००५ साली न्यायालयाने तो नियम वैध ठरविला. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात कोणाबरोबर संघटित व्हावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य येते, असा त्या निर्णयाचा आशय होता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या बाबतीत भेदभावास मज्जाव केला आहे. घराच्या खासगी खरेदी-विक्रीचा त्यात उल्लेख नाही.

तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्या कागदावर बोट ठेवणे मला शक्य नव्हते. तथापि कायदा मुका होतो तेथेच नीतीच्या प्रश्नाला तोंड फुटते. अल्पसंख्य, विखुरलेला समाज आपली प्रार्थना, आपले सण, आपली वृद्ध माणसे सांभाळण्यासाठी जवळजवळ राहू इच्छितो, यात मला दोष दिसत नाही. त्याला एकत्र यावयाचे असते. पण शहरातील बहुतेक सर्व वस्त्या ज्यांच्या हाती आहेत, ते जेव्हा बाविसांतील बाविसावे घरही राखून ठेवतात, तेव्हा त्यांना एकत्र यावयाचे नसते, कोणाला तरी बाहेर ठेवावयाचे असते. नियमाचे शब्द दोन्हीकडे सारखे असू शकतात. त्यांचे नैतिक वजन सारखे नसते. ज्याच्यावर दार बंद होते त्याला दुसरे दार उपलब्ध आहे की नाही, ही त्याची कसोटी होय. एका दुकानाने माल नाकारला तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो. साऱ्या पेठेने नाकारला तर तो उपाशी राहतो. सारी पेठ म्हणजे अखेर एकेक दुकानच की!

आणि कायद्याने हस्तक्षेप केला तरी तो सरळच वाटेने जातो असेही नाही. दंगलींच्या काळात भयभीत माणसांची घरे कवडीमोलाने बळकावली जाऊ नयेत म्हणून गुजरातेत अशांत क्षेत्रांविषयीचा कायदा झाला. सध्याचा कायदा १९९१ सालचा आहे. अधिसूचित भागात घर विकावयाचे तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. हेतू दुर्बलाच्या संरक्षणाचा होता. पण विकणारा आणि घेणारा कोणत्या धर्माचा, ही चौकशी त्यामुळे सरकारी दप्तराचा भाग झाली, आणि ज्या गल्ल्या भयाने दुभंगल्या होत्या त्यांची दुभंगलेली स्थिती पुष्कळ ठिकाणी कायम झाली, अशी टीका त्याच्यावर होत आली आहे.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत सेंट लुइस नावाचे शहर आहे. तेथील एका रस्त्यावरच्या ३९ घरमालकांपैकी ३० जणांनी १९११ साली एक करार केला, की पुढील पन्नास वर्षे आपली घरे कृष्णवर्णीय अथवा मंगोल वंशाच्या माणसांना राहावयास द्यावयाची नाहीत. १९४५ साली शेली नावाच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाने तेथे घर विकत घेतले. मुले पुष्कळ होती, जागा हवी होती. अशा कराराची त्यांना कल्पनाही नव्हती. शेजाऱ्यांनी त्यांना बाहेर काढण्यासाठी न्यायालय गाठले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९४८ साली निर्णय झाला: खासगी माणसांनी आपसांत असे करार केले तर केले, पण त्यांची अंमलबजावणी करण्यासाठी सरकारी न्यायालयाचा हात त्यांना वापरता येणार नाही. नऊ न्यायमूर्तींपैकी तिघे या सुनावणीस बसले नाहीत. कारण त्यांनी जाहीर केले नाही. त्यांच्या स्वतःच्या घरांवरही असेच करार असावेत, असा तर्क पुष्कळांनी केला. तर्क खरा असो वा खोटा, तो सुचावा इतकी ती प्रथा सभ्य घरांत रुजलेली होती. पुढे १९६८ साली घरांच्या विक्रीत व भाड्यात वंश, धर्म इत्यादी कारणांनी भेद करण्यास तेथे कायद्याने बंदी झाली. त्यानंतरही अनेक उपनगरांनी किमान इतक्या क्षेत्रफळाचाच भूखंड असावा, असे नियम राखून गरिबाला परस्पर बाहेर ठेवण्याची सोय केली. जे वंशाच्या नावाने करता येईना ते चौरस फुटांच्या नावाने झाले.

या हकिकतीत मला खिळवून ठेवले ते न्यायालयाच्या तत्त्वचर्चेने नाही, त्या ३० सह्यांनी. त्या करणारी माणसे दुष्ट होती असे मानावयास काही आधार नाही. घराचे हप्ते भरणारी, मुलांच्या शाळेची काळजी करणारी ती साधी कुटुंबवत्सल माणसे असावीत. त्यांतील प्रत्येकाला वाटले असेल, की माझे काही नाही, पण बाकीच्यांची मने सांभाळली पाहिजेत. आणि बाकीच्यांतील प्रत्येकालाही तसेच वाटले असेल.

हे वाक्य आपल्याकडेही अपरिचित नाही. बडोद्याच्या इतिहासात ते एकदा फार मोठ्या माणसाला ऐकावे लागले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली संस्थानची नोकरी करण्यास बडोद्यास आले. ज्या संस्थानाने १९०६ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा सर्व मुलुखाला लागू केला, त्याच्या राजधानीत या विद्वानाला राहावयास खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून त्यांनी काही दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना फर्मावण्यात आले. ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितली आहे.

काठ्या घेऊन आलेल्यांचे सर्वांना स्मरण राहते. माझे मन मात्र त्यानंतरच्या प्रसंगाशी घोटाळते. त्या दिवशी आंबेडकरांनी आपल्या दोघा परिचितांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघेही सुशिक्षित, दोघेही त्यांच्याशी स्नेहाने वागणारे. पहिल्याला वाईट वाटले, पण तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे त्याने सांगितले. दुसऱ्याने पत्नीला विचारल्याखेरीज सांगता येत नाही, असे म्हटले. दोघांच्याही हातात काठी नव्हती. दोघांनीही स्वतःचा नकार दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर टाकला. मुंबईची गाडी रात्री होती. मधले तास त्यांनी कमाटीबागेत काढले. त्या बागेत मी गेली चाळीस वर्षे सकाळी फिरावयास जातो. विश्वामित्रीच्या काठच्या त्या झाडांखालून जाताना मला पुष्कळदा वाटे, की त्या दिवशी मी येथे असतो तर त्यांना आपल्या घरी नेले असते.

तसे झाले असते काय? याचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण माझी परीक्षा होऊन गेली आहे.

१९८४ च्या सुमारास आमच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यावयाच्या होत्या. माझ्याच कचेरीतील एका सहकाऱ्याने त्या मागितल्या. तो विदर्भातून आलेला, नवबौद्ध. भाषा मराठीच, आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटकात तो दरवर्षी पडद्यामागे राबे आणि नेपथ्याचे ओझे स्वतः वाही. पत्नी बाळंत होऊन यावयाची होती, म्हणून त्याला जागेची घाई होती. मी त्याला सांगितले, की खोल्यांविषयी एकाला आधीच शब्द देऊन ठेवला आहे. कोणालाही शब्द दिलेला नव्हता. खालच्या भाडेकरूंनी कुरकुर केली असती, आईला रुचले नसते. माझे स्वतःचे काही नव्हते. ‘काही हरकत नाही,’ एवढेच तो म्हणाला. पुढील दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि तो रोज माझ्यासमोरच्या टेबलापाशी बसून काम करीत होता. रिकाम्या खोल्यांविषयी त्याने एका शब्दाने विचारले नाही. दुसऱ्या वर्षी तो बदली घेऊन गेला. त्याच्या जागी मी असतो तर त्या वर्षी गणेशोत्सवात पडदा ओढावयास गेलो नसतो. तो गेला होता.

सोसायटीचा अर्ज समोर ठेवून बसलो असता मला त्या नोकरांची, त्या पत्नीची आणि माझ्या खालच्या भाडेकरूंची आठवण झाली. ‘मंडळास मान्य असलेला समाज’ ही शब्दयोजना त्याच कुळातील होती. फरक इतकाच, की पूर्वी प्रत्येकाला खोटे कारण स्वतः शोधावे लागे. आता ते छापून मिळते. मी मुलाला सांगितले, की मी यावर सही करणार नाही.

मुलाने माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. तो म्हणाला, ‘बाबा, तुम्ही सही केली नाहीत तर कोणाला घर मिळणार आहे? त्या बाविसांत जागा नाही ती नाहीच. फक्त आपल्या पोराला हवा मिळणार नाही. आपल्या गल्लीत तरी कोण कोण राहते, हे तुम्ही कधी मोजले आहे काय?’ मी मोजले. तीन पिढ्यांत आमच्या गल्लीत कोणाकोणाला जागा मिळाली याची उजळणी केली आणि गप्प बसलो. जुन्या गल्लीला छापील अर्जाची गरज पडली नव्हती, एवढाच तिचा मोठेपणा.

अखेर मुलाने घर एकट्याच्या नावावर घेतले आणि सही केली. जुन्या घराचे पैसे मी त्याला दिले. म्हणजे सही मी केली नाही, पण त्या सहीची किंमत मी मोजली, आणि आज त्याच घराच्या ओसरीवर, गुलमोहराखाली बसून हा लेख लिहितो आहे. नातवाला वर्षभरात रात्रीचा झटका दोनदाच आला. हा लाभ खोटा आहे असे मी म्हणू शकत नाही, आणि तो नको होता असेही म्हणू शकत नाही.

वाचक विचारतील, मग तुमच्या न केलेल्या सहीचा उपयोग काय? मीही तो प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर मला गेल्या वर्षी, सोसायटीच्या वार्षिक सभेच्या दिवशी मिळाले. अर्जातील तो रकाना व ती हमी काढून टाकावी, असे मी चिटणिसांना लिहून दिले. त्यांनी ते पत्र अत्यंत सौजन्याने परत केले. मी सभासद नव्हतो. सभासदत्वाच्या अर्जावर मी सही केलेली नव्हती, त्यामुळे सभेत बोलण्याचा मला अधिकार नव्हता. हात स्वच्छ ठेवण्याच्या नादात मी जिभेवर पाणी सोडले होते.

त्या सभेत तो विषय माझ्या मुलाने मांडला. मी त्याला तसे सांगितले नव्हते. सांगण्याचे धैर्य झाले नव्हते. सतरा सभासद हजर होते. पाच जणांनी त्याला पाठिंबा दिला, नऊ जणांनी विरोध केला, तिघे काही बोलले नाहीत. विषय पुढील सभेपुरता तहकूब झाला. घरी आल्यावर मुलगा एवढेच म्हणाला, की ते पाच कोण असतील हे त्याला आधी ठाऊक नव्हते, आणि त्या पाचांनाही एकमेकांविषयी ठाऊक नव्हते. प्रत्येकजण इतकी वर्षे बाकीच्या एकवीस जणांची मने सांभाळीत बसला होता.

या अनुभवातून माझ्यापुरता काही निष्कर्ष निघतो तो असा. अन्यायाचा कागद ही एकट्यादुकट्याची कृती नसते. तो कागद पुष्कळ सज्जनांच्या परस्परांविषयीच्या गृहीतावर उभा असतो. म्हणून त्यापासून अंग चोरून घेतल्याने तो पडत नाही; कोणीतरी आत राहून, आपले नाव घेऊन, ‘माझे आहे, बाकीच्यांचे मला ठाऊक नाही’ असे म्हणावे लागते. सही करूच नये की करून आत झगडावे, याचा सर्वांना लागू पडणारा निवाडा मी देऊ शकत नाही. ज्याला दुसरे घर सहज मिळू शकते त्याने सही करू नये, हे उघड आहे. ज्याला ती करावी लागते त्याने मात्र ती करतानाच एक ऋण डोक्यावर घेतले, असे समजावे. हे ऋण हप्त्याने फेडावयाचे असते, आणि त्याचा हप्ता बँकेच्या हप्त्यापेक्षा अधिक काळ चालतो.

मराठीत ‘शेजारधर्म’ असा एक सुंदर शब्द आहे. मित्रधर्म आपण फारसे म्हणत नाही. मित्र आपण निवडतो. निवडलेल्याशी नीट वागण्यास वेगळा धर्म सांगावा लागत नाही. शेजारी आपल्याला निवडता येत नाही. आई-बापांप्रमाणे तो मिळतो. म्हणूनच त्याच्याशी कसे वागावे हा धर्माचा विषय झाला. विरजण मागावयास येणारा, रात्री-अपरात्री रुग्णाला गाडीत घालावयास धावणारा, आपल्या मुलांना आपल्यापेक्षा निराळे सण असतात हे प्रथम दाखविणारा तो माणूस. शेजारी आधीच चाळून घेतला की शेजारधर्मातील धर्म निघून जातो आणि नुसता करार उरतो. बावीस घरांची ती वस्ती मग कितीही देखणी असली तरी तिच्यात बावीस वेळा एकच कुटुंब राहते.

पुढील सभा चैत्रात आहे. अलीकडे कोपऱ्यावरचे एक घर विक्रीस निघाले आहे. परवा एक तरुण जोडपे ते पाहून गेले. फाटकाशी पहारेकऱ्याने त्यांचे नाव वहीत लिहून घेतले, आणि ते वाचण्यासाठी माझी नजर आपोआप वहीकडे वळली. चाळीस वर्षांची सवय एका लेखाने जात नाही. मी नजर काढून घेतली आणि त्या मुलीला, कोपऱ्यावरच्या त्या घराला सकाळचे ऊन चांगले येते, एवढे सांगितले.